दर खुर्चीला एक लायसन्स

सोमवार, ४ ऑगस्ट

आजची ताजी खबर: नववीला 'गेम डेव्हलपमेंट' हा विषय मंजूर झाला. हेडक्लार्कने दुजोरा दिला. हा माणूस स्वतःच्या जन्मतारखेलासुद्धा दाखला बघितल्याशिवाय दुजोरा देत नाही, तेव्हा खबर पक्की.

विषयप्रमुख: मी. दुसरं होतं कोण? एकोणीस वर्षं या शाळेत टायपिंग शिकवलं. ए एस डी एफ. बोटं मुलांची, कपाळ माझं. प्रतिभेची ही नासाडी मी निमूट सोसली, आणि निमूट सोसतोय हे रोज स्टाफरूममध्ये सांगत आलो.

मुलं एकतीस, कॉम्प्युटर चोवीस. २८ नोव्हेंबरला परीक्षक येणार. त्यांना मुलांनी स्वतः केलेला, चालणारा गेम दाखवायचा. नाही दिसला तर विषय बंद, मुलांचे गुण शून्य, आणि माझं पुन्हा ए एस डी एफ. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, हे तीनदा बजावलं. एकदा सांगून भागतं अशा माणसाला तीनदा सांगणं हा त्यांचा छंद आहे.

संकल्प. एक: सॉफ्टवेअर घ्यायचं ते जगातले मोठे स्टुडिओ वापरतात तेच. दोन: रोज संध्याकाळी अर्धा तास ते आपण शिकायचं. (अजून उघडलेलं नाही. पण आमचा स्वभाव जुळेल.) तीन: स्टाफरूममधल्या मंडळींपासून अंतर ठेवायचं. तिसरा आजपासूनच अमलात आणला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

विषयाची बैठक. शिवणबाईही येऊन बसल्या. का, ते त्यांनाच ठाऊक. चौतीस वर्षं काज, बटण, दुमड आणि भरतकाम शिकवतात. दीड वर्षात निवृत्त होतील, मग ती खोली मोकळी होईल.

त्यांनी विचारलं की असलं काही फुकट मिळत नाही का. कुठल्याशा मासिकात वाचलं म्हणे, गेम करायची मोफत सॉफ्टवेअर असतात, ठिकठिकाणची माणसं मिळून ती घडवतात. मी शांतपणे सांगितलं की जगात फुकट मिळतात त्या दोनच गोष्टी, सल्ला आणि सर्दी. सगळे हसले. शिवणबाईही हसल्या आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. वाक्य आवडलं असावं.

मोठ्या बाई म्हणाल्या, काय वापरायचं ते वापरा, मला गेम चाललेला दिसला पाहिजे. कलेची जाण शून्य.

आजचा अर्धा तास डाउनलोड बघण्यात गेला. तेही शिक्षणच.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

कंपनीच्या वेबसाइटवर किमतीची चौकशी केली. फॉर्म भरावा लागतो. 'संस्थेचा प्रकार' या रकान्यात चार पर्याय: शाळा, महाविद्यालय, व्यावसायिक स्टुडिओ, हौशी व्यक्ती.

इथे सामान्य माणसाने 'शाळा' टिचकवलं असतं. मी थांबलो. शाळा म्हटलं की लोक आपल्याला शाळकरी समजतात, उरलंसुरलं आपल्या माथी मारतात. 'स्टुडिओ' टिचकवलं. कर्मचारी: बत्तीस (एकतीस मुलं आणि मी). आपला हुद्दा: संचालक. वार्षिक उलाढाल विचारली होती. रकाना रिकामा ठेवणं मला जमत नाही. चांगला भरघोस आकडा लिहिला.

अर्धा तास फॉर्ममध्ये गेला. उद्या एक तास करून भरून काढायचा.

मंगळवार, १२ ऑगस्ट

कोटेशन आलं. दर खुर्चीला एक लायसन्स, वर्षाच्या बोलीने. बत्तीस खुर्च्यांचे मिळून सहा लाख चाळीस हजार.

हेडक्लार्कने आकडा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. आकडा तसाच होता. म्हणाला, खुर्च्या तर आपल्याच आहेत, मग कंपनी खुर्चीमागे कसले पैसे घेते? मी सांगितलं की खुर्ची म्हणजे वापरणारा माणूस. त्यावर म्हणाला, माणसंही आपलीच आहेत. या बुद्धीवर शाळेचा कारभार चालतो.

पुढे म्हणाला की या रकमेत सहा वर्गांची छपरं दुरुस्त होतील. बरोबर. छपराखाली शिकवायचं काय, हा प्रश्न छपरवाल्यांना पडत नाही.

रक्कम मंजूर करायचा अधिकार संस्थेच्या अध्यक्षांना. त्यांचा नळाच्या तोट्यांचा घाऊक व्यापार आहे. तरी मी आशावादी आहे.

गुरुवार, १४ ऑगस्ट. संध्याकाळी साडेसात

कंपनीच्या विक्रीवाल्याचा फोन. पहिल्याच वाक्यात मला 'डायरेक्टरसाहेब' म्हणाला. आवाजावरून सुसंस्कृत माणूस. आमच्या स्टुडिओचा पुढचा गेम कुठला, असं विचारलं. मी म्हटलं, सध्या गुप्त आहे. त्याला ते पटलं.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, डायरेक्टर कोण? ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांचे साचे बघून तिची नजर संशयी झाली आहे. मी म्हटलं, धंद्यातली पद्धत असते. ती म्हणाली, अहो, पण धंदा कुठंय?

घरातल्या माणसाला मोठेपण शेवटी कळतं.

बुधवार, २० ऑगस्ट

आज सॉफ्टवेअर उघडलं. अध्येमध्ये जमलं नव्हतं: दोन दिवस पासवर्ड, एक दिवस पाठ, शनिवारी शनिवार.

पडद्यावर एक ठोकळा ठेवला आणि 'चालू' दाबलं. ठोकळा खाली पडला. आणखी पडला. जमीन ठेवायची राहिली होती. जमीन कुठे मिळते ते सापडेना. शेवटी कॉम्प्युटर बंद केला. पण गुरुत्वाकर्षण आलं, ही छोटी गोष्ट नाही.

वर्गासाठी अजून लॅब उघडलेली नाही. मुलांनी कोऱ्या वह्या आणल्यात. पहिल्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी बसते, तिला प्रश्नांची खोड आहे. तिने विचारलं की गेम कधीपासून करायचा. मी म्हटलं, आधी पात्रता, मग पडदा.

मुलं माझ्यामागे मला 'लोडिंग सर' म्हणतात असं गणिताच्या मास्तरकडून कळलं. भार उचलणारा, या अर्थाने असावं.

सोमवार, १ सप्टेंबर

अध्यक्षांनी रक्कम नाकारली नाही. 'बघू' म्हणाले. त्यांना सॉफ्टवेअर डोळ्यांनी दिसलं की सही होईल. म्हणून लॅबचं थाटात उद्‌घाटन ठरवलं, परवा बुधवारी.

विक्रीवाल्याने तीस दिवसांची ट्रायल दिली आहे, बत्तीस खुर्च्यांची. आज एकट्याने चोवीसही कॉम्प्युटरवर ती चढवली आणि सुरू केली. चोवीस पडदे एका वेळी उजळले तेव्हा भरून आलं.

मग लॅबला कुलूप लावलं. उद्‌घाटनाआधी मुलांनी हात लावून माउस चिकट करायला नकोत. किल्ली माझ्या खिशात.

बुधवार, ३ सप्टेंबर

अध्यक्षांच्या गोदामात माल उतरायचा होता. उद्‌घाटन पुढच्या बुधवारी.

बुधवार, १० सप्टेंबर

अध्यक्षांची दाढ. पुढच्या मंगळवारी. योगायोगाने बायकोच्याच दवाखान्यात गेले होते. ती म्हणते दाढ ठणठणीत होती. तिला माणसांची पारख नाही, फक्त दातांची आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

अध्यक्ष परगावी. किल्ली माझ्याकडे आहे, काळजी नाही.

दरम्यान वेळ वाया जाऊ नये म्हणून वर्गात मजकूर सांगून लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. कसला? सॉफ्टवेअरसोबत येणारा लायसन्सचा करारनामा. बेचाळीस पानं. जगात कोट्यवधी लोक तो न वाचता 'मान्य आहे' दाबतात. माझे विद्यार्थी तो पूर्ण उतरवून घेणारे पहिले असतील. मी मराठीत सांगतो, ती लिहितात. आज कलम चारपर्यंत आलो. 'परवानाधारक' या शब्दाचे अर्थ फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावर एकाला झोप लागली. पाया घालताना धूळ उडणारच.

शिवणबाईंनी जिन्यात गाठून विचारलं, मधल्या सुट्टीत नववीची मुलं माझ्या खोलीत येऊन बसली तर चालेल का? मी म्हटलं, खुशाल बसू देत. शिवणवर्गात जाऊन कुणाचं भलं झालेलं नाही, पण नुकसानही नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

अप्रिय प्रसंग.

कलम सतरा सांगत होतो. एका लयीत, तंद्रीत. वाक्य संपलं आणि चष्मेवाली उभी राहिली. म्हणाली, "सर, तुम्ही आत्ता सांगितलंत की मान्यताप्राप्त शाळांना हे विनामूल्य आहे."

मी म्हटलं, असं मी सांगितलेलं नाही. तिने वही वर करून वाचून दाखवलं. अक्षर छान आहे कार्टीचं. सतरा, उपकलम दोन: मान्यताप्राप्त शाळांना शिकवण्यापुरतं सॉफ्टवेअर विनामूल्य, फक्त 'शाळा' म्हणून अर्ज करावा.

तीस माना वह्यांतून वर आल्या. मागच्या बाकावरचाही जागा झाला.

मी म्हटलं, कलम सतरा परीक्षेला नाही.

रात्री बराच विचार केला. आता जाऊन 'शाळा' म्हणून अर्ज करायचा, तर स्टुडिओचं काय? बत्तीस कर्मचारी, भरघोस उलाढाल, गुप्त गेम. मोठ्या बाईंना कळलं तर? शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे. फुकट घेतलेलं सॉफ्टवेअर आपल्याला मान देत नाही.

मुलं घरी बोलणार नाहीत याची खात्री आहे. माझ्या तासाला काय झालं हे त्यांच्या लक्षात राहत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. दुपारी चार

उद्‌घाटन झालं. आधी घटनाक्रम नोंदवतो.

अकरा वाजता अध्यक्ष आले. मोठ्या बाई, हेडक्लार्क, सगळा स्टाफ. दोन रांगांत एकतीस मुलं. मी कुलूप उघडलं, मुख्य बटण दाबलं. चोवीस पडदे उजळले. चोवीस पडद्यांवर एकच लाल चौकट: तुमचे तीस दिवस संपले आहेत.

वेळ पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणे. कुलूप होतं, कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं, तरी मोजतात. कुठला न्याय? शिजवलेलं अन्न खाल्लं नाही म्हणून हॉटेलवाला पैसे सोडतो? नाही, हे उदाहरण उलट जातंय. खोडायचं.

प्रसंगावधान राखून मी अध्यक्षांना म्हटलं, हा गेमचा पहिला प्रवेश. अध्यक्ष खुर्चीवर बसले. माउस हातात घेतला. चौकटीत दोन बटणं होती, 'आता खरेदी करा' आणि 'नंतर आठवण करा'. त्यांनी 'नंतर' दाबलं. चौकट गेली आणि पुन्हा आली. पुन्हा 'नंतर'. पुन्हा आली. अशी त्यांनी अकरा वेळा झुंज दिली. घाम आला त्यांना. शेवटी उठले आणि म्हणाले, गेम चांगला आहे, पण यात जिंकायचं कसं ते कळत नाही.

मुलं हसली नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. भारावली असतील.

सहीचं विचारलं. 'बघू' म्हणाले.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

धोरणात किंचित बदल. 'शाळा' म्हणून गुपचूप अर्ज केला. तत्त्व शाबूत आहे. मी फुकट मागत नसून कलम सतराची चाचणी घेतोय.

कंपनीचं उत्तर: या पत्त्यावर आधीच एक व्यावसायिक स्टुडिओ नोंदलेला आहे. प्रकार बदलायचा तर शाळेच्या प्रमुखांनी सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं की आधी स्टुडिओ असं का सांगितलं.

मोठ्या बाईंनी? लिहून? त्यापेक्षा ए एस डी एफ बरं. नाही. तेही नाही.

ठोकळ्याला जमीन अजून मिळालेली नाही. ट्रायल संपल्यामुळे आता शिकता येत नाही, यात माझी चूक नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

शिवणवर्गावरून जाता जाता आत डोकावलो. नववीची मुलं, सगळी, चौघाचौघांच्या टोळक्यांत जमिनीवर बसून आलेखाच्या कागदावर रंगीत चौकोन भरत होती. क्रॉस स्टिचचे नमुने. शिवणबाई सांगत होत्या की सुईला गोल रेषा काढता येत नाही, चौकोनांची पायरी पायरी केली की लांबून गोल दिसतं.

इकडे जग कुठे चाललंय आणि ही बाई मुलांना टाके मोजायला लावतेय. मन विषण्ण झालं. कोपऱ्यात ऑफिसातून भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर चालू होता. त्यावर काय होतं ते दिसलं नाही, मुलांची डोकी आड येत होती. नमुने छापत असतील.

बुधवार, १५ ऑक्टोबर

तोडगा सापडला. अत्यंत साधा. स्टुडिओच नसेल तर प्रकार बदलायची गरज काय?

विक्रीवाल्याला फोन करून जड आवाजात सांगितलं की आमचा स्टुडिओ बुडाला. बाजार मंदावला. बत्तीस माणसं घरी बसवली. तो हळहळला. म्हणाला, डायरेक्टरसाहेब, खचू नका, मोठमोठ्यांचं असं होतं. मी त्याचे दोनदा आभार मानले, आणि खरोखर मानले. इतक्या आपुलकीने कुणी बोललं नव्हतं बऱ्याच दिवसांत.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, बत्तीस माणसं घरी बसवली तर तुम्हीही बसणार का? कणीक मळायची आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

विक्रीवाल्याने स्टुडिओ बुडाल्याची खात्री करायला नोंदवलेल्या पत्त्यावरच्या फोनवर फोन केला. तो फोन हेडक्लार्कच्या टेबलावर असतो.

हेडक्लार्कने सांगितलं, इथे स्टुडिओ नाही, कधी नव्हता, ही शाळा आहे. विक्रीवाला म्हणाला, मग डायरेक्टरसाहेब? हेडक्लार्क म्हणाला, टायपिंगचे सर आहेत. मग माझ्या डोळ्यांदेखत फोन मोठ्या बाईंकडे दिला. दुजोरा द्यायची खाजच आहे माणसाला.

दुपारी दीड. मोठ्या बाईंच्या खोलीत उभा. बाईंनी आवाज चढवला नाही. तेच वाईट. विचारलं, शाळा लिहायला लाज का वाटली?

मी बाजारपेठेतली प्रतिमा वगैरे बोलायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. त्यांनीच कंपनीला पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला. चार ओळी. मी फार सुंदर पत्र लिहिलं असतं. कंपनी म्हणाली, पडताळणीला आठ आठवडे. म्हणजे डिसेंबरचा मध्य. परीक्षक २८ नोव्हेंबरला.

लॅबची किल्ली काढून घेतली. बरं झालं. किल्ल्या सांभाळणं हे विषयप्रमुखाचं काम नव्हे.

सोमवार, २७ ऑक्टोबर

लॅब कुणीतरी दिवसभर वापरतंय. बाहेर मुलांच्या चपलांचा ढीग, आत गलका. शिवणबाईंचा आवाज. चष्मेवालीने दारातच थांबवून सांगितलं की मुलांनी चोवीसही कॉम्प्युटरवर शिवणबाई म्हणत होत्या ते मोफत सॉफ्टवेअर चढवलंय, आणि सर आत आलात तरी चालेल.

'आत आलात तरी चालेल'. माझ्याच लॅबमध्ये. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. गेलो नाही.

स्टाफरूममध्ये गणिताच्या मास्तरने विचारलं, तुमच्या विषयाचं कसं चाललंय? मी म्हटलं, उत्तम, हाताखालची माणसं करताहेत.

सोमवार, १० नोव्हेंबर

परीक्षकांसाठी स्वतंत्र तयारी सुरू केली. हौशी मंडळी आयत्या वेळी तोंडघशी पडणार, तेव्हा कुणीतरी शाळेची अब्रू राखायला हवी. 'शालेय शिक्षणातील लायसन्सचे अर्थकारण: एका नेतृत्वाचा अनुभव'. अठ्ठावन्न स्लाइड. पहिलीवर माझा फोटो.

बायकोला ऐकवलं. नवव्या स्लाइडला ती उठली. साचा वाळला असेल, म्हणाली. साचे दवाखान्यात असतात.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा

परीक्षक आल्या. पुरुष असतील असं मी धरलं होतं, बाई निघाल्या. कडक इस्त्रीची, कमी बोलणारी. मी दारातच स्वागत करून पहिली स्लाइड लावली. त्यांनी माझा फोटो बघितला, मग मला बघितलं, मग विचारलं, गेम कुठे आहे?

मुलांनी लावला. आठ गटांचे आठ टप्पे जोडून एकच गेम. सदऱ्याचं एक बटण तुटून पडतं आणि त्याला आपल्या काजापर्यंत परत जायचं असतं. खिशातून, दुमडीतून, बाहीच्या बोगद्यातून. बटण चौकोनांचं आहे, पण लांबून गोल दिसतं. मध्ये एक कात्री येते. चांगलीच भीती वाटते तिची, हे कबूल करतो.

परीक्षक तिसऱ्या टप्प्यात कात्रीला लागून हरल्या. मी घसा साफ करून दुसऱ्या स्लाइडकडे वळलो. त्या म्हणाल्या, थांबा, आणि पुन्हा खेळल्या. पुन्हा हरल्या. चौथ्या वेळी बटण काजात बसलं तेव्हा ती कडक बाई खुर्चीतल्या खुर्चीत चक्क उडाली. मग पदर, वही, चेहरा सगळं जागेवर आणून विचारलं, शिकवलं कुणी?

मी एक पाऊल पुढे आलो. एकतीस मुलांनी शिवणबाईंकडे बघितलं. कुणी बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं. मी पाऊल मागे घेतलं. त्या गर्दीत ते कुणाला दिसलं नसावं.

विषय पुढच्या वर्षीही चालू राहणार. मुलं पास. परीक्षक जाता जाता मला म्हणाल्या की लाइट-पंख्यांची व्यवस्था छान होती.

शनिवार, २९ नोव्हेंबर

मोठ्या बाईंची लेखी ऑर्डर. विषयप्रमुख: शिवणबाई. निवृत्तीनंतरही दोन वर्षं मानधनावर त्याच शिकवतील. मला दोन पर्याय: सहावीचं टायपिंग घ्या, किंवा सोमवारपासून नववीच्या तासाला बसून विषय शिका, शिवणबाईंना मदतनीस हवाय.

टायपिंग घेतो असं सांगायला निघालो होतो. शब्द ठरवून ठेवले होते. 'अनुभवाला पर्याय नाही' वगैरे. जिन्यात चष्मेवाली भेटली. हातात कागदांची गुंडाळी. म्हणाली, "सर, सगळे गट चौघांचे आहेत, आमच्यातच तिघं. तुम्ही आलात तर बरं होईल. पण रोज यावं लागेल हं."

मी म्हटलं, वेळापत्रक बघून कळवतो. वेळापत्रक कोरं आहे.

नाही म्हणालो नाही, याची कारणं तीन. गटाला अनुभवी नेतृत्व लागतं. आतून बघितल्याशिवाय त्या मोफत सॉफ्टवेअरवर नेमकी टीका करता येणार नाही. तिसरं आत्ता आठवत नाही.

शिवणबाईंनी सामानाची चिठ्ठी पाठवलीय: आलेखाची वही, रंगीत पेन्सिली, टोकयंत्र, खोडरबर मोठा. 'मोठा' खाली रेघ आहे. चष्मेवालीचा गट नवा गेम सुरू करतोय. पात्रं तिच्याकडे, आवाज दुसऱ्याकडे, कोड तिसरीकडे. माझ्याकडे जमीन. तपकिरी रंगाने भरायची, चारशे ऐंशी चौकोन, मंगळवारच्या आत. ती झाल्याशिवाय कुणालाच उभं राहता येणार नाही, असं तिने बजावलंय. दोनदा.

सोमवारी सव्वानऊला शिवणवर्ग. चपला बाहेर काढायच्या. जमिनीवर बसायचं, तिथे खुर्च्या नाहीत.